ऑफिसचं अपलोड १.८ एमबीपीएस आणि सकाळी ११ ला चार-चार व्हीसी (व्हिडिओ मीटिंगा). आवाज तुटतो, काय करावं?

बांधावरून

नमस्कार मंडळी. शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस आहे, तालुक्याच्या गावाबाहेर. फायबर अजून इथवर आलेलं नाही. टॉवरवरून रेडिओ लिंक घेतली आहे, प्लॅन १० एमबीपीएसचा. स्पीड टेस्टला डाउनलोड ८ ते ९ आणि अपलोड १.८ दिसतं.

माणसं नऊ. सहा लॅपटॉप, दोन डेस्कटॉप, गोदामाच्या आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि सगळ्यांचे मोबाइल वायफायवर. ११ ते १ मध्ये खरेदीदार, बँक, जिल्ह्याची व्हीसी असं सगळं एकदम येतं. अ‍ॅप आपल्या हातात नसतं. बोलावणारा झूम म्हणाला तर झूम, मीट म्हणाला तर मीट, कधी टीम्स.

लक्षण असं: समोरच्याचं आम्हाला बऱ्यापैकी ऐकू येतं, पण आमचा आवाज तिकडे रोबोटसारखा जातो. मध्येच तीन-चार मिनिटं सगळंच ठप्प होतं आणि मग आपोआप सुरळीत. लिंकवाले म्हणतात स्पीड पूर्ण आहे. २० चा प्लॅन घ्यावा का? की दुसरी लाइन घ्यावी?

पिंगळा

प्लॅनचं नंतर बघू. समोरचा ऐकू येतो पण तुमचं तिकडे पोचत नाही, म्हणजे अडचण अपलोडला आहे. २० च्या प्लॅनमध्ये अपलोड तेवढंच राहणार असेल तर पैसे पाण्यात.

आधी हिशेब मांडा. झूमने दिलेले आकडे धरले तर नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस लागतात. स्क्रीन शेअरला ५० ते ७५, कोपऱ्यात चेहऱ्याची चौकट असेल तर १५० पर्यंत. ग्रुप मीटिंगमध्ये एक कॅमेरा चालू ठेवला की साध्या दर्जालाही ६०० केबीपीएस ते १ एमबीपीएस, आणि एचडी चालू असेल तर एकटा माणूस तुमची पूर्ण लाइन खाईल. चार जणांनी कॅमेरे लावले की कमीत कमी २.४ एमबीपीएस. तुमच्याकडे आहेत १.८. इथेच गणित बसत नाही. उलट चौघांचा फक्त आवाज धरला तर ३२० केबीपीएस, म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही.

आता ते तीन-चार मिनिटांचं ठप्प होणं. ५० एमबीची फाइल १.८ एमबीपीएसने वर जायला पावणेचार मिनिटं लागतात. कुणीतरी किंवा काहीतरी त्या वेळी मोठी फाइल वर चढवतंय. फाइल संपली की सगळं सुरळीत, म्हणून तुम्हाला ते आपोआप झाल्यासारखं वाटतं.

फाइल चढताना आवाज का मरतो हेही समजून घ्या, नाहीतर उपाय चुकेल. नेटवरचा माल छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो. रेडिओ किंवा राउटरमध्ये या पॅकेटांची रांग लावायला बफर, म्हणजे तात्पुरती साठवण असते. समजा हा बफर २५६ केबीचा आहे. १.८ एमबीपीएसच्या लाइनवर तो भरला की रिकामा व्हायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तुमचं आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. बोलण्यात एकीकडून दुसरीकडे जायला १५० मिलिसेकंदांच्या आत राहिलं तर संवाद नीट चालतो, इथे हजार होतात. शिवाय डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच अपलोडच्या रांगेत अडकतात, म्हणून ऐकू येणंही बंद पडतं. स्पीड टेस्ट मात्र छान येते, कारण तिचा मोठा आकडा रांगेतला उशीर बघत नाही, किती माल गेला एवढंच सांगतो. तुमचे लिंकवाले खोटं बोलत नाहीत, चुकीची गोष्ट मोजताहेत.

पडताळा असा घ्या. केबलने जोडलेल्या एका लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग (छोटं पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड), दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला सतत पिंग. दोन मिनिटं शांत असताना आकडे लिहून ठेवा. मग ड्राइव्हवर ५० एमबीची फाइल चढवा आणि बघत राहा. राउटरचं पिंग १-२ मिलिसेकंदांवर स्थिर आणि बाहेरचं ३० वरून ५००-१००० वर गेलं तर रांगेचा दोष. राउटरचंच पिंग उड्या मारायला लागलं तर दोष वायफायचा किंवा केबलचा आहे, बाहेरच्या लाइनचा नाही. हीच चाचणी नंतर वायफायवरूनही एकदा करा.

कोण खातंय ते विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्क टॅबवर सापडेल, प्रोग्रामच्या नावासकट. तिथला आकडा बाइटमध्ये असतो, आठने गुणा. सेकंदाला १,५०,००० बाइट बघून लोकांना वाटतं किरकोळ आहे, ते १.२ एमबीपीएस झाले.

खांबावरचा

पिंगळ्याशी सहमत. माझ्या मते तुमचे मुख्य चोर लॅपटॉपमध्ये नसून बाहेर आहेत. दोन ठिकाणी आधी हात घाला.

पहिला डीव्हीआर. मोबाइलवरून गोदाम बघायची सोय केलेली असणारच. १०८० पीच्या कॅमेऱ्याची मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, साधारण २ ते ४ एमबीपीएसची असते. संचालकांपैकी एकानं घरबसल्या एक कॅमेरा मोठा करून पाहिला की तुमचं अपलोड संपलं. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये सब स्ट्रीम (हलक्या दर्जाचं चित्र) सीआयएफ किंवा डी१ या लहान आकाराची, ८ ते १० फ्रेम, २५६ केबीपीएस करा आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये सगळ्यांना एसडी निवडायला सांगा. सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून राउटरमध्ये डीव्हीआरचा पत्ता पक्का करून त्याला वर जायची मर्यादा ३०० केबीपीएस घाला. रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर होतं, त्यावर याचा काही परिणाम नाही.

दुसरे मोबाइल. बागेत काढलेले फोटो दिवसभर फोनमध्ये साठतात आणि फोन ऑफिसच्या वायफायला लागला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो. नऊ फोन, सकाळची वेळ. फोनांसाठी गेस्ट वायफाय वेगळं करा आणि त्या सगळ्यांना मिळून अपलोड २०० केबीपीएस द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुराला तेवढं पुरतं.

आता राउटर. तुम्हाला रांग स्वतःच्या ताब्यात घ्यायची आहे. लिंकवाल्याच्या रेडिओत रांग लागू द्यायचीच नाही. त्याआधी आपल्या राउटरवर, लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोड्या कमी वेगाने माल सोडायचा. म्हणजे रांग आपल्याकडे लागते, आणि आपल्याकडे ती शहाणी ठेवता येते. १.८ चे ८५ टक्के म्हणजे १.५ एमबीपीएस अपलोड. डाउनलोड ८ धरून ६.८. रेडिओ लिंकचा वेग दिवसात खालीवर होतो, म्हणून आकडा सर्वात चांगल्या वेळेचा धरू नका, सकाळी ११ ला तीन दिवस मोजून त्यातला सर्वात कमी धरा.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) चालणारा राउटर असेल तर रांग सांभाळणारं एसक्यूएमचं पॅकेज टाका, रांगेचा प्रकार केक निवडा आणि इंटरफेस बाहेरच्या बाजूचा द्या. लिंक पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असेल तर पीपीपीओईचाच इंटरफेस निवडा. आकडे केबीपीएसमध्ये भरायचे असतात: १५०० आणि ६८००. १.५ लिहाल तर नेट बंदच पडेल.

मायक्रोटिकचा राउटर असेल तर त्याच्या राउटरओएस ७ प्रणालीत केक आणि एफक्यू-कोडेल हे रांगेचे दोन्ही प्रकार आहेत. सिंपल क्यू (साधी रांग) करा, टार्गेट म्हणून ऑफिसचं लॅन, कमाल मर्यादेत आधी अपलोड मग डाउनलोड. आणि इथे बहुतेक जण फसतात: फायरवॉलमध्ये मुळातच असलेला फास्टट्रॅकचा (पॅकेटं झटपट पुढे काढण्याचा) नियम चालू राहिला तर ते ट्रॅफिक सिंपल क्यूला वळसा घालून जातं. क्यू लावलेली दिसते, आकडे हलत नाहीत. तो नियम बंद करा. एवढ्या कमी वेगाला प्रोसेसरवर त्याचा काही भार येत नाही.

केकमध्ये नॅटचा (आतली मशीन ओळखण्याचा) पर्याय चालू ठेवलात तर तो आतल्या प्रत्येक मशीनला समान वाटा देतो. एकानं दहा फाइली चढवायला घेतल्या तरी बाकीच्यांची पॅकेटं त्याच्यामागे तिष्ठत नाहीत. वेगळे प्राधान्यक्रम, पोर्ट नंबर लिहीत बसायची गरज या आकाराच्या ऑफिसला पडत नाही.

एक मात्र बघा. कुणी हुशारी करून फायरवॉलमध्ये यूडीपी (हरवलेलं पॅकेट परत न मागता पुढे जाणारी पद्धत) अडवलेलं नाही ना? झूमला यूडीपी ८८०१ ते ८८१०, मीटला ३४७८ आणि १९३०२ ते १९३०९, टीम्सला ३४७८ ते ३४८१ लागतात. हे अडवले की अ‍ॅप निमूटपणे टीसीपी ४४३ वर जातं आणि मीटिंग चालू राहते, म्हणून कुणाला कळत नाही. पण टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवत बसतं आणि मागचं सगळं थांबवून धरतं. बोलण्यात हरवलेली अर्धी अक्षरं सोडून पुढे गेलेलं बरं.

सरळमार्गी

एवढी खटपट कशाला? प्रत्येकानं आपापल्या फोनचं हॉटस्पॉट लावायचं. विषय संपला.

पिंगळा

एकाला चालेल, चौघांना नाही. कॅमेऱ्यासकट मीटिंगला वर ६०० आणि खाली १००० केबीपीएस धरले तर तासाला सव्वासातशे एमबीच्या आसपास. रोज २ जीबीच्या पॅकमध्ये पावणेतीन तास. नुसता आवाज आणि स्क्रीन शेअर असेल तर तासाला १४० एमबी, तिथे हॉटस्पॉट परवडतं. शिवाय एकाच खोलीत चार हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावले की ते ऑफिसच्या वायफायलाही घोळात घेतात. लावायचंच तर यूएसबी केबलने टेदरिंग करा. फोन चार्जही होत राहतो आणि वायफायचा एक टप्पा वाचतो.

म्यूटमावशी

राउटरचं झालं, आता माणसांचं. एकाच व्हीसीला तीन जण आपापल्या टेबलावरून बसत असतील तर ते आधी बंद करा. तेच चित्र तीनदा खाली येतं आणि तीन कॅमेरे वर जातात. एक खोली, एक लॅपटॉप, एचडीएमआयने टीव्ही, टेबलाच्या मधोमध एक स्पीकरफोन. सगळं मिळून एकच स्ट्रीम. लॅपटॉप केबलवर, वायफायवर नाही.

स्पीकरफोन कुणाच्याही तोंडापासून दीड-दोन मीटरच्या आत हवा. त्याच्या बरोबर वर छताचा पंखा असला की वाऱ्याची घरघर थेट माईकमध्ये जाते. माईकला कितीही नॉइज सप्रेशन लावा, पंखा बोलण्यातली अक्षरं खातो, आणि लोक दोष नेटला देतात. टेबल सरकवा किंवा तेवढा पंखा बंद ठेवा. उघड्या भिंती आणि फरशी असेल तर एका बाजूला जाड पडदा लावा.

त्या खोलीत दुसऱ्या कुणी स्क्रीन दाखवण्यासाठी जोडायचं असेल तर मीटमध्ये कम्पॅनियन मोडने यावं. झूममध्ये ऑडिओ जोडूच नये. नुसतं म्यूट करून भागत नाही, स्पीकर चालू राहतो आणि खोलीचा आवाज घुमून परत जातो.

आता अ‍ॅपनिहाय, तोंडपाठ करून घ्या.

झूम: सेटिंग्जमध्ये व्हिडिओखाली एचडीची खूण काढा. गॅलरी नको, स्पीकर व्ह्यू ठेवा. पंचवीस चेहऱ्यांच्या गॅलरीला खाली २ एमबीपीएस लागतात. शेअर स्क्रीनच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये फ्रेमची मर्यादा घाला, एक्सेलला ४-५ फ्रेम पुष्कळ झाल्या. फारच अडलं तर इनकमिंग व्हिडिओ बंद करा.

मीट: सेटिंग्ज, व्हिडिओ, पाठवायचं आणि घ्यायचं रिझोल्यूशन दोन्ही ३६० पीवर. घेण्यात फक्त ऑडिओ असाही पर्याय आहे.

टीम्स: मीटिंगमध्ये तीन टिंबांखाली इनकमिंग व्हिडिओ बंद करता येतो. तिथेच कॉल हेल्थ आहे.

मीटिंग चालू असतानाच आकडे बघायची सवय लावा. झूममध्ये सेटिंग्जच्या स्टॅटिस्टिक्समध्ये लेटन्सी (उशीर), जिटर (उशीरातला चढउतार), पॅकेट लॉस (हरवलेली पॅकेटं) दिसतात. पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत आणि जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत असेल, तरीही आवाज तुटत असेल, तर नेटला सोडा आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू बघा. जुन्या आय३ लॅपटॉपवर मागे खोटी पार्श्वभूमी लावली की सीपीयू १०० टक्क्यांना टेकतो आणि आवाज अगदी नेट गेल्यासारखाच तुटतो. खोटी पार्श्वभूमी नेट खात नाही, लॅपटॉप खाते.

स्क्रीन शेअरचंही असंच. स्थिर एक्सेल जवळपास फुकट जातं. तेच शीट भराभर स्क्रोल केलं किंवा बागेचा व्हिडिओ शेअरमधून चालवला की दर एकदम चढतो. व्हिडिओ दाखवायचा असेल तर आदल्या संध्याकाळी लिंक पाठवा, त्यांचं ते बघतील.

रेकॉर्डिंगची भीती नको. क्लाउड रेकॉर्डिंग त्यांच्या सर्व्हरवर होतं, तुमच्या लाइनवर नाही. लॅपटॉपवर केलेलं रेकॉर्डिंग मीटिंग संपल्या संपल्या ड्राइव्हवर टाकू नका, एवढंच.

पिंगळा

वर एक राहिलं. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये अपलोडचा दर बांधून ठेवता येतो, गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्येही. दोन्हींचा दर प्रत्येक मशीनवर जमेल तेवढा खाली आणा. वनड्राइव्हमध्ये आकडा सेकंदाला केबी, म्हणजे किलोबाइटमध्ये भरायचा असतो. तिथे १०० लिहाल तर ते ८०० केबीपीएस झाले. ५० लिहा, त्याखालचा आकडा लिहिला तरी ते ५० च धरतं. विंडोज अपडेटमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, तिथे इंटरनेटवरच्या इतर संगणकांना अपडेट पुरवायची परवानगी असेल तर ती काढा. फक्त आपल्या लॅनवरच्या मशीनपुरती ठेवलीत तर उलट फायदा, एकदा उतरलेलं अपडेट आतल्या आत फिरतं.

बांधावरून

सगळ्यांचे आभार. मोजून आलो. शांत असताना बाहेरचं पिंग २८, फाइल चढवताना ९४०. राउटरचं १ वर स्थिर. वायफायवरून मात्र राउटरचंच पिंग मधूनमधून १२० ला जातं.

डीव्हीआरला मर्यादा घातली, फोन गेस्टवर टाकले, मायक्रोटिक होताच, फास्टट्रॅक काढून क्यू लावली १५००/६८०० ची. फाइल चढताना पिंग आता ४५ ते ६०. दोन कॅमेरे चालू ठेवून तीन मीटिंगा निभल्या.

उरलेलं दोन: वायफायचं काय करू, आणि लाइट गेली की लिंक जाते, मग राउटर इन्व्हर्टरवर असून उपयोग होत नाही. दुसरी लाइन घ्यावी म्हटलं तर ती जोडायची कशी?

खांबावरचा

वायफाय: २.४ वर असाल तर चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मीटिंगच्या लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव द्या. पण खरं उत्तर केबल आहे. सहा टेबलांना कॅट ५ई किंवा कॅट ६ ओढा. ३०५ मीटरचा एक बॉक्स तुमच्या ऑफिसला पुरून उरेल. १०० एमबीपीएसचा जुना स्विच असला तरी चालेल, तुमची लाइन १० ची आहे. केबल ट्यूबलाइटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून नेऊ नका.

दुसरी लाइन: दोन लाइनी जोडून एक मीटिंग दुप्पट वेगाने चालत नाही. एका मीटिंगचा प्रवाह एकाच लाइनवरून जातो, आणि मध्येच लाइन बदलली तर बाहेरचा पत्ता बदलून मीटिंग तुटते व पुन्हा जोडली जाते. म्हणून लोड बॅलन्सिंगच्या फंदात न पडता वाटणी करा. व्हीसीच्या खोलीचा लॅपटॉप कायम दुसऱ्या लाइनवर, बाकी ऑफिस पहिल्यावर, आणि एक पडली तर दुसरीवर सरकायची सोय. दुसरी लाइन ४जी राउटरची घ्या, म्हणजे मार्ग वेगळा राहतो. राउटर कपाटात ठेवू नका, टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा. सिम घ्यायच्या आधी त्याच खिडकीत सकाळी ११ ला फोन ठेवून अपलोड मोजा. रात्री ९ ला मोजलेल्या आकड्यावर सिम निवडू नका.

पुढे कधी फायबर आलं तर विक्रेत्याला तीन गोष्टी लिहून मागा: अपलोड किती, एफयूपी (पूर्ण वेगाने मिळणाऱ्या डेटाची मर्यादा) संपल्यावर वेग किती, आणि लाइन किती जणांत वाटलेली आहे.

आता लाइटचं. राउटर इन्व्हर्टरवर आहे म्हणता, पण गच्चीवरच्या रेडिओला वीज पीओई इंजेक्टरमधून, म्हणजे नेटच्या केबलमधूनच, जाते. तो भिंतीला लागलेला छोटा काळा अ‍ॅडॅप्टर. तो बहुधा साध्या प्लगवर आहे. लाइट गेली की राउटरचे दिवे लागलेले दिसतात आणि रेडिओ मेलेला असतो. इंजेक्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर न्या. बाजारात राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो इंजेक्टरच्या जागी लावायला जाऊ नका. अशा रेडिओंना बहुतेक २४ व्होल्ट लागतात, काहींना ४८. अ‍ॅडॅप्टरच्या पाठीवर छापलेलं असतं, वाचा. २४ व्होल्ट ०.५ अँपिअरचा रेडिओ आणि १२ व्होल्ट १ अँपिअरचा राउटर मिळून जास्तीत जास्त २४ वॉट होतात. वेगळी सोय करायची झाली तर ७ अँपिअर-अवर बॅटरीचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस तासभर खेचतो. इन्व्हर्टरवर बदलायला क्षणभर लागून राउटर रीस्टार्ट होत असेल तर तोच यूपीएस इन्व्हर्टर आणि राउटरच्या मध्ये लावा.

बांधावरून

इंजेक्टर खरंच साध्या प्लगवर निघाला! आता हलवला. एक शेवटचं: पावसाळ्यात लिंक मंदावते, त्याला काही?

खांबावरचा

५ गिगाहर्ट्झची लिंक असेल तर नुसत्या पावसानं तिला फारसं काही होत नाही. तुमच्या गच्चीवरून टॉवरच्या रेषेत झाड आहे का बघा. एप्रिलमध्ये निष्पर्ण फांद्यांतून जाणारी लिंक जुलैत ओल्या पानांत अडते. लिंकवाल्याला रेडिओचा सिग्नल आत्ता किती आहे ते विचारून लिहून ठेवा, आणि पावसाळ्यात पुन्हा विचारा. ६-८ डीबीने खाली आला असेल तर खांब दीड-दोन मीटर उंच करायला सांगा. आणि रेडिओच्या खाली केबलला एक झोळ सोडलेला हवा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून खालीच गळतं, प्लगमध्ये उतरत नाही.